अंथरुणं मोजणाऱ्या बाई

आमच्या कारखानदार संघाने दिघेबाईंना फसवलं. संघाच्या कार्यकारिणीत मी होतो, म्हणजे मीही फसवलं. अध्यक्षांनी मला फसवलं, ते वेगळं. बाई आता नाहीत. संघाच्या यंदाच्या स्मरणिकेत त्यांच्यावर तीन ओळी छापून आल्या आहेत आणि त्यात त्यांना ‘आपल्या कामगार वसतिगृहाच्या शिल्पकार’ म्हटलं आहे. त्या ओळी वाचल्यापासून जेवण धड जात नाही. ज्यांनी बाईंना पाहिलं नाही त्यांना वाटेल, हे वसतिगृह त्यांनीच सुचवलं. म्हणून लिहायला बसलो. लिहिणं हा माझा धंदा नाही. माझा धंदा पत्रा कापायचा आणि वाकवायचा.

विश्रांतवाडीच्या पुढे, आळंदी रस्त्यापासून आत आमची लहानशी औद्योगिक वसाहत आहे. साठएक शेड. कुठे लेथ, कुठे प्रेस, कुठे पावडर कोटिंग. मी वाशीमकडून येऊन यातल्याच एका शेडमध्ये हेल्पर म्हणून लागलो होतो. आता माझी स्वतःची शेड आहे. भाव करताना मला वसाहतीत कोणी हरवू शकत नाही, असं लोक म्हणायचे आणि मला ते ऐकायला आवडायचं.

वसाहतीच्या मागे एक मोकळा भूखंड होता, कामगारांच्या घरांसाठी राखून ठेवलेला. तो हवा असेल तर कोणाला, किती आणि कशी घरं लागतात याची पाहणी करून अहवाल द्या, असं सरकारी कचेरीतून कळवलं गेलं. आमचे अध्यक्ष, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, त्यांनी कोणाच्या तरी ओळखीने दिघेबाईंना गाठलं. बाईंनी सगळी नोकरी नगररचनेच्या कचेरीत केली होती आणि नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. संघाने प्रत्येक शेडला चिठ्ठी पाठवली: ‘अमुक तारखेपासून पाहणी होणार आहे, सहकार्य करावे.’

पाहणी हा शब्द वाचला की आमच्याकडे एकच अर्थ होतो. कारखान्याचा इन्स्पेक्टर येणार. साठ शेडमालकांनी एका दिवसात शेड झाडून घेतल्या आणि आत राहणाऱ्या माणसांच्या खुणा पुसून टाकल्या. माझ्या शेडच्या पोटमाळ्यावर सहा जण राहत होते. तसं राहू देणं कायद्यात बसत नाही. त्यांच्या वळकट्या मी पत्र्याच्या थप्पीमागे ढकलल्या आणि त्यांना बाहेर फिरायला पाठवलं.

बाई आल्या. बारीक चणीच्या, सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट, खांद्याला शबनम, हातात पेन्सिल. मी नमस्कार केला आणि म्हटलं, “मॅडम, या. आपल्याकडे इथे राहत कोणीच नाही.”

त्यांनी मान वर करून पोटमाळ्याच्या खिडकीकडे पाहिलं. खिडकीत प्लास्टिकच्या पेल्यात सहा ब्रश उभे होते.

“बरं,” त्या म्हणाल्या. “मग दात कोण घासतं?”

मला राग पटकन येतो. मी आवाज चढवला. तुम्ही कोण, कोणाच्या परवानगीने, वगैरे. त्या पेन्सिलीला टोक काढत शांतपणे ऐकत राहिल्या. माझं संपल्यावर म्हणाल्या, “अहो वानखेडे, मी तुमची तक्रार करायला आलेली नाही. तुम्ही लपवलेली प्रत्येक वळकटी म्हणजे एक न बांधलेली खोली. लपवा हवं तर. नुकसान तुमचं.” आणि निघताना, “मॅडम नको. बाई म्हणा. शाळेतल्या बाईंना घाबरत असाल ना, तेवढं पुरे.”

दुसऱ्या दिवशी मी अध्यक्षांकडे जाऊन सगळ्या शेडना नवी चिठ्ठी पाठवायला लावली. त्यानंतर बाईंनी पहिल्यापासून परत सुरुवात केली. पहिले सगळे कागद फाडले. मी म्हटलं, “थोडे दुरुस्त केले असते तरी चाललं असतं.” तर म्हणाल्या, “खोटं दुरुस्त होत नाही. परत लिहावं लागतं.”

आधी एकदा सरकारी पाहणी झाली होती. तिच्यात आमच्या कामगारांना घरांची फारशी गरज नाही असं निघालं होतं. कारण त्या पाहणीत एक चूल म्हणजे एक कुटुंब, असा हिशेब होता. आमच्या मागच्या गावठाणातल्या एका खोलीत अकरा बाप्ये एका स्टोव्हवर जेवत. कागदावर ते एक कुटुंब झालं. बाईंनी तो कागद मला दाखवला तेव्हा त्यांचा चेहरा जराही हलला नाही. “अकरा दाढीवाल्यांचं एक कुटुंब,” त्या म्हणाल्या. “कुटुंबप्रमुख कोण लिहायचा? स्टोव्ह?”

म्हणून त्यांनी अंथरुणं मोजायचं ठरवलं. त्यासाठी त्या नेमक्या पाळी बदलायच्या वेळेला यायच्या, दुपारी तीनच्या सुमाराला. नारायण पेठेतून दोन बस बदलून. पहिल्या पाळीचा माणूस कामावरून येऊन ज्या गादीवर पडायचा, तिच्यावरून दुसऱ्या पाळीचा नुकता उठलेला असायचा. बाई गादीवर तळवा ठेवायच्या. मला सुरुवातीला ते नाटकी वाटलं. मग एकदा त्यांनी माझाच हात धरून तिथे टेकवला. गादी कोमट होती.

“या अंथरुणाला गार व्हायला वेळच मिळत नाही,” त्या म्हणाल्या. “लिहा. अंथरूण एक, माणसं दोन.”

हो, मी लिहीत होतो. महिनाभरात मी त्यांच्याबरोबर फिरायला लागलो होतो. शेड सोडून. खरं कारण सांगतो: मला खोल्या हव्या होत्या. पोटमाळा कधी ना कधी पकडला जाणार होता. पण बाईंबरोबर फिरायची सवयही लागली होती, हे आता कबूल करायला हरकत नाही.

त्यांचे काही नियम होते. पाहणीच्या घरात चहा घ्यायचा नाही. “चहा घेतला की माणसं आपल्याला खरं सांगत नाहीत, चांगलं सांगतात.” पेन वापरायचं नाही. “पेन पाहिलं की माणसाला वाटतं, आता सही मागणार.” आणि उत्तर आलं नाही तर प्रश्न परत विचारायचा नाही, थांबायचं. मला थांबता येत नाही. मी समोरच्याच्या तोंडात उत्तर घालतो, धंद्यात तेच शिकलोय. तसं केलं की बाई माझ्याकडे न बघता म्हणायच्या, “वानखेडे, उत्तर त्यांचं आहे. तुमचं तुमच्या घरी द्या.”

त्यांनी तक्त्याच्या शेवटी एक रकाना स्वतःच्या मनाने घातला होता. कुठल्याच सरकारी नमुन्यात तो नव्हता. ‘खोली मिळाली तर कोणाला आणाल?’

या रकान्यापाशी माणसं हसायची. काही जण उठून पाणी प्यायला जायचे. माझा वेल्डर इंगळे माझ्याच भागातला. लग्नाला नऊ वर्षं झालेली, आणि वर्षाचे दहा-बारा दिवस सोडले तर इथे पोटमाळ्यावर. बाईंनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, “कोणालेच नाही.”

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. मी बोलणार होतो, त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आम्ही तिघं तसेच बसून राहिलो. बाहेर प्रेस मशीनचे ठोके चालू होते. शेवटी इंगळे म्हणाला, “बायको. सुनीता नाव हाय तिचं. अन् पोरगी, आरोही. पहिलीत जाईन आता.”

बाईंनी दोन्ही नावं लिहिली. इंगळे कागदाकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, “मायले लिहता का? ते येईन का नाही, सांगता येत नाही. डोळ्याने कमी दिसते तिले.”

“यावं असं वाटतं ना तुम्हाला?”

“हाव.”

“मग लिहू. खोली माझी नाही, पण रकाना माझा आहे. त्यात जागा भरपूर आहे.”

त्या दिवशी बसथांब्यापर्यंत मी त्यांच्याशी वाद घातला. म्हटलं, “बाई, बायकापोरं आणली की सुट्ट्या वाढतात. आज पोराला ताप, उद्या शाळेत बोलावलंय.” त्यांनी दुसऱ्या दिवशी माझ्याच शेडचं हजेरीपुस्तक मागून घेतलं आणि दिवाळीनंतरचं पान उघडलं. आठ दिवसांसाठी गावी गेलेले लोक किती दिवसांनी परत आले आणि किती आलेच नाहीत, ते मला मोठ्याने वाचायला लावलं. मी वाचलं. “आता सांगा, कोणती सुट्टी महाग?” त्या म्हणाल्या. भाव करण्यात मला हरवणारी ती पहिली व्यक्ती. मी हसलो. त्या हसल्या नाहीत. त्या क्वचितच हसत.

अहवाल तयार झाला तो हिवाळ्याच्या शेवटी. पुढच्या भागात अंथरुणांची मोजणी: किती जागा, किती माणसं, किती पाळ्या. शेवटी परिशिष्ट, त्यात माणसांची नावं आणि त्यांनी आणायच्या माणसांची नावं. निष्कर्ष सरळ होता. बहुतेकांना एका कुटुंबापुरती भाड्याची खोली हवी आहे, आत ओटा आणि मोरी असलेली. एकट्यांसाठी थोड्या खोल्या पुरतील. संघाच्या सभागृहात बाईंनी तो वाचून दाखवला. टाळ्या झाल्या. अण्णा म्हणाले, “बाई, तुम्ही आमचे डोळे उघडलेत.” बाई म्हणाल्या, “उघडे ठेवा म्हणजे झालं.”

भूखंड मिळाला. अण्णांनी मला बोलावून घेतलं. “वानखेडे, ठेकेदाराशी तुम्ही बोला. तुमच्यासारखा भाव कोणी करू शकत नाही.” हे ऐकलं की मी काहीही करायचो, हे त्यांना माहीत होतं. मी ठेकेदाराला तीन बैठकांत घाम फोडला. शेवटच्या बैठकीत तो अजिबात खाली येईना तेव्हा अण्णा माझ्या कानाशी म्हणाले, “ओटा आणि मोरी यादीतून काढून टाका. ते आपण नंतर आपल्या ओळखीच्या माणसाकडून घालून घेऊ. स्वस्तात होईल.” मला ते पटलं. मीही तेच केलं असतं. मी पेन घेतलं आणि त्या दोन ओळींवर रेघ मारली. ठेकेदाराने हात पुढे केला. त्या दिवशी मी शेडमध्ये पेढे वाटले.

नकाशे मी पाहिले नाहीत. पत्र्याचं रेखाटन मी झोपेत वाचेन, पण इमारतीचा नकाशा मला कळत नाही, आणि कळत नाही हे चारचौघांत सांगायची मला लाज वाटली. अण्णांनी कचेरीत अहवाल दिला तो फक्त पुढचा भाग. निष्कर्ष आणि परिशिष्ट, ही मागची पानं जोडलीच नव्हती. हे मला फार उशिरा कळलं.

उद्घाटनाला बाईंना मानाने बोलावलं होतं. शाल, श्रीफळ. भाषणांच्या आधी त्या म्हणाल्या, आधी इमारत बघते. अण्णा, मी आणि त्या असे तिघं आत गेलो. लांब बोळ, दोन्ही बाजूंना खोल्या. प्रत्येक खोलीत लोखंडी खाटा, एकीवर एक, चार जोड्या. भिंतीला खुंट्या. ओटा नाही, मोरी नाही, आणि नंतर घालायलाही जागा नाही. बोळाच्या टोकाला सामायिक नळ.

बाईंनी तीन खोल्या पाहिल्या. चौथीच्या दारात थांबल्या. “अण्णा, कुटुंबांच्या खोल्या कुठल्या मजल्यावर आहेत?”

“बाई, सगळं तुमच्याच अहवालाप्रमाणे आहे,” अण्णा म्हणाले. अगदी गोड आवाजात. “अंथरुणं तुम्हीच मोजलीत ना? जितकी मोजलीत तितकी दिली. उलट चार जास्तच.”

बाईंनी एकदा त्या खाटांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “डॉक्टरने ताप मोजला म्हणून कोणी तापाची सोय करत नाही, अण्णा.”

अण्णांचा आवाज बदलला. “स्पष्ट बोलू का? एकटा माणूस काम सुटलं की पिशवी उचलून जातो. कुटुंब आलं की ते खोली सोडत नाही. उद्या मोर्चे कोणाच्या दारात येणार? तुमच्या नारायण पेठेत?”

“हे सभागृहात बोलला असतात तर मी अहवालात लिहिलं असतं,” बाई म्हणाल्या. “मालकांची भीती, असा वेगळा रकाना केला असता.”

त्या मांडवात गेल्या, शाल घेतली नाही, व्यासपीठाच्या बाजूने चालत रस्त्यावर आल्या. मी गाडी काढली आणि त्यांना बसवलं. येरवडा मागे पडला. संगमवाडीच्या पुलावर वाहनं अडकली होती. तिथे त्यांनी विचारलं, “वानखेडे, ओटा कोणी काढला?”

खोटं बोलायला तोंड उघडलं होतं. पण म्हणालो, “मी.”

“बरं झालं सांगितलंत. मला वाटलं होतं, घरी पोचेपर्यंत तुम्ही अण्णांना शिव्या देत राहाल आणि मला ऐकत बसावं लागेल.”

मग त्याच म्हणाल्या, “चूक माझीही आहे. नावं पुढे ठेवायला हवी होती आणि अंथरुणं मागे. इतकी वर्षं कचेरीत काढली, मागची पानं गळतात हे मला माहीत होतं. तरी परिशिष्ट म्हटलं त्याला. परिशिष्ट!” तो शब्द त्यांनी असा उच्चारला, जणू कोणीतरी त्यांच्या ताटात माशी टाकली. घरापाशी उतरताना त्यांना जिना चढवेल का असं मला वाटलं, मी हात पुढे केला. “राहू दे,” त्या म्हणाल्या. “थकलेय, म्हातारी झालेली नाही.”

त्यांनी कचेरीला पत्रं लिहिली. प्रत्येक वेळी एकच उत्तर: आपले पत्र संबंधित विभागाकडे पाठवले आहे. दोनदा त्या स्वतः जाऊन बसल्या. ज्या खोलीत त्यांनी नोकरी केली त्याच खोलीबाहेरच्या बाकावर. मला फोन करून सांगायच्या, अगदी कोरडं: “आज शिपायाने ओळखलं. साहेबांनी नाही.” संघाच्या पत्रकांमधून आपलं नाव काढा, असंही त्यांनी लेखी कळवलं. नाव निघालं नाही. मी कार्यकारिणीत दोनदा ओरडलो. पहिल्यांदा सगळे गप्प बसले, दुसऱ्यांदा सगळ्यांनी चहा मागवला. माझ्या ओरडण्याची त्यांना सवय आहे. भाव पडत नसला की वानखेडे ओरडतो, एवढंच त्यांना वाटलं. मी राजीनामा दिला. तो लगेच मंजूर झाला. तेवढी एकच गोष्ट संघाने वेळेवर केली.

बाई गेल्या त्या पावसाळ्यानंतर. आजार फार दिवसांचा नव्हता. त्यांची थोरली बहीण, माईताई, दोघी एकत्र राहायच्या, त्यांनी कळवलं. वैकुंठ स्मशानभूमीत दहा-बारा माणसं होती. संघाकडून कोणी आलं नव्हतं, हार मात्र आला होता. भला मोठा.

मूळ पेन्सिलीचे तक्ते बाईंकडेच राहिले होते. ते मागायला जावं असं मला रोज वाटायचं, आणि ओटा आठवला की पाय निघायचा नाही. चार महिन्यांनी गेलो. माईताईंनी दार उघडलं, पाणी दिलं, मी काय म्हणतो ते ऐकून घेतलं. मग आतून कापडी पिशवी आणून माझ्यासमोर ठेवली.

“तिने सांगून ठेवलं होतं,” त्या म्हणाल्या. “वानखेडे मागायला आले तरच द्यायचे. आपणहून द्यायचे नाहीत.”

“चार महिने उशीर झाला, माईताई.”

“ते मला कळतंय. मी कॅलेंडर वाचते.”

ती पिशवी आता माझ्या शेडच्या कपाटात आहे. इंगळे अण्णांच्या वसतिगृहात वरच्या खाटेवर झोपतो. माझा पोटमाळा मी बंद केला, म्हणून त्याला जावं लागलं. आरोही पहिलीत गेली ती तिकडेच, वाशीमला. त्याची आई उन्हाळ्यात वारली. परवा तो मशीनपाशी उभा राहून हातमोजे काढत मला म्हणाला, “शेठ, त्या बाईनं मायचं नाव लिहलं होतं. त्याचं पुढं काय झालं, काही समजलं का?” रागाने विचारलं असतं तर मी उलटून बोललो असतो. त्याने बसची चौकशी करावी तसं विचारलं. मी म्हटलं, बघतो.

मी भांडून दमलो आहे. नवीन इमारत मागत नाही, कोणी देणार नाही हे मला कळतं. पण वार्षिक सभा जवळ आली आहे. मी कार्यकारिणीत नसलो तरी सभासद आहे, आणि ते कागद घेऊन येणार आहे. इंगळेलाही आणणार आहे, तो मागच्या खुर्चीवर बसणार नाही. प्रत्येक नाव मी मोठ्याने वाचेन. माझ्या वाट्याचं मी आधी सांगेन: ओटा आणि मोरीवरची रेघ माझ्या हातची आहे. त्यानंतर अण्णांनी सांगायचं, अहवालातून ही नावं कोणी काढली आणि कोणाला विचारून काढली. माझ्याकडे बघून नाही. इंगळेकडे बघून, आणि उभं राहून.